बेल्जियमची शर्यत आणि आमचा पहिला पाट

माझी शाळा चौथीत सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, कुणी काढलं नाही. पुढचं सगळं शिक्षण कशेडी घाटात झालं. ट्रकवर आधी क्लीनर होतो, मग डायवर झालो. मुंबई-गोवा रस्त्यावर उमर गेली, पण घाटात गाडी कधी पालथी केली नाही. हे मी कुणालाही तोंडावर सांगतो. ज्याला खोटं वाटतं त्याने पोलादपूरच्या नाक्यावर विचारावं.

ट्रक सोडल्यावर त्याच नाक्यावर पंक्चरचं दुकान टाकलं. शेजारी चहाचं हॉटेल होतं. डायवर लोक जास्त वेळ बसावेत म्हणून हॉटेलवाल्याने नव्वदीच्या सुमारास टीव्ही आणला, पुढे केबल घेतली. तिथे एका रविवारी संध्याकाळी मी ती शर्यत पहिल्यांदा बघितली. श्रावण सरला होता, बाहेर धो धो ओतत होतं, आणि टीव्हीतही तसंच ओतत होतं. जंगलातला रस्ता, दोन्ही बाजूंना उंच झाडं, वर धुकं. त्या रस्त्यावर चपट्या, बसक्या, उघड्या चाकांच्या गाड्या एकमेकींच्या मागे लागून सुटल्या. पहिलं वळण घेतलं, उताराला लागल्या, आणि एक आडवी झाली. मग मागच्या सगळ्या तिच्यावर. पाण्याच्या फवाऱ्यातून पुढचं दिसतच नव्हतं, तर ब्रेक मारणार कुठे? चाकं सुटून उड्या मारत होती. हॉटेलातली सगळी माणसं उभी राहिली.

"मेले रे सगळे," कुणीतरी म्हणालं.

"कोण मेला नाय," मी म्हणालो. "बघ, उतरतायत."

एक एक जण गाडीतून उतरून चालत निघाला. रस्ता साफ केला आणि शर्यत परत पहिल्यापासून लावली. हे मला फार आवडलं. आमच्या घाटातही असंच असतं. एक ट्रक आडवा होतो, मागचे लागतात, माणसं उतरून एकमेकांना शिव्या देतात, मग सगळी मिळून गाडी बाजूला ओढतात आणि रस्ता चालू होतो.

ती बेल्जियमची शर्यत होती. बोलणारा इंग्रजीत काय सांगत होता ते मला कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. रस्ता मला दिसत होता. उतारावरून खाली यायचं, तळाला डावीकडे वळायचं, लगेच उजवीकडे, आणि अंगावर येणारा चढ. वरच्या टोकाला पलीकडचं काहीच दिसत नाही, नुसतं आभाळ. तिथे ज्याचा पाय उचलला तो मागे राहिला. फेरी इतकी लांब की एका टोकाला पाऊस आणि दुसऱ्या टोकाला कोरडं. कशेडीचं हेच आहे. पोलादपूरच्या बाजूने वायपर लावून चढायचं, आणि माथा ओलांडून खेडच्या बाजूला उतरलं की धूळ. असा रस्ता ज्याने चालवला नाही त्याला त्या शर्यतीतली मजा सांगून कळणार नाही.

तेव्हापासून मी सगळ्या शर्यती बघायला लागलो. नाक्यावरचे आम्ही पाच-सहा जण होतो, सगळे जुने डायवर. मोनाकोची शर्यत म्हणजे महाडच्या बाजारपेठेतून ट्रक काढण्यासारखी, आरशाला आरसा घासतो. इटलीची सपाट आणि सुसाट. पण बेल्जियमच्या रविवारी मी दुकान दुपारीच बंद करत असे. पुढे मुलाने मुंबईहून घरी रंगीत टीव्ही आणून दिला, वाडीत केबलची तार आली, आणि आमचा सगळा जमाव नाक्यावरून उठून माझ्या ओटीवर येऊन बसायला लागला.

आता माझ्या चुलतभावाबद्दल सांगतो. आमची वाडी कापडे गावाच्या अंगाला आहे. त्याचं घर माझ्या घराला लागून, मधे फक्त दगडांचा गडगा. माझ्यापेक्षा लहान, म्हणून मला दादा म्हणतो, पण त्यात मान किती आणि टोमणा किती हे ऐकणाऱ्याने ठरवावं. मुंबईत कंपनीत फिटर होता. कंपनी सोडून गावी आला तो तोंडात निम्मी हिंदी घेऊन आला. त्यालाही शर्यतीचा नाद लागला, माझ्याच ओटीवर बसून लागला, पण बाजू नेहमी उलटी. तो लाल गाडीवाला. आणि त्याला आवडायच्या नव्या जागा. मलेशिया झाली, मग बहारीन, चीन. वाळवंटात रस्ता करून ठेवलेला, बाजूला मैदानभर मोकळी जागा, चुकलास तर आरामात फिरून परत ये.

"दादा, असा रोड पाहिजे. एकदम चकाचक," तो म्हणायचा.

"त्याला रोड म्हणत नाय. ते खळं हाय, भात झोडायचं," मी म्हणायचो.

शर्यतींचा महिना-वार मी माझ्या पद्धतीने लक्षात ठेवत असे. आमच्याकडे गावोगावच्या जत्रा असतात. अमक्या देवीची जत्रा अमक्या पुनवेला, मग पुढच्या गावची, मग त्याच्या पुढची. देवी काही एका वर्षी उठून म्हणत नाही की यंदा मी चीनला जाते. शर्यतींचंही तसंच असणार असं मी धरून चाललो होतो. नारळी पौर्णिमा झाली की बेल्जियम. एखाद्या वर्षी मागेपुढे झालं तर त्यांच्याकडे अधिक मास आला असेल, असं मी सगळ्यांना सांगत असे आणि कुणी हसत नसे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या रविवारी मी पेनाने एक चाक काढून ठेवायचो. कुणाला विचारायची गरज मला कधी वाटली नाही.

एका वर्षी तो रविवार नेमका गणेश चतुर्थीला आला. मी ठरवलं, आरती लवकर करायची आणि मग सगळ्यांनी शर्यत बघायची. मुंबईची पोरं आलेली, घर भरलेलं. मी टाळ हातात घेऊन अशी काही आरती ओढली की बायका म्हणाल्या, गणपतीला दम लागेल. मोदक वाटले, सगळ्यांना ओटीवर बसवलं, टीव्ही लावला. टीव्हीवर दोन माणसं हिरव्या टेबलावर काठीने गोळ्या ढकलत होती. दहा मिनिटं आम्ही ते बघितलं.

चुलतभाऊ म्हणाला, "दादा, ह्यातली लाल तेवढी माझी."

ओटी हसून हसून आडवी झाली. मग त्याच्या मोठ्या मुलाने सांगितलं की काका, बेल्जियम यंदा नाहीच. सिगारेटच्या जाहिरातीवरून काहीतरी भांडण झालं आणि शर्यत रद्द केली. त्याला हे उन्हाळ्यापासून माहीत होतं, पण मला सांगायची हिंमत झाली नव्हती.

मी एवढंच म्हणालो, "येईल परत."

आणि पुढच्या वर्षी आली. तेव्हा कोण हसलं ते मी इथे लिहीत नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी ती पुन्हा गेली. शर्यतींच्या कॅलेंडरात आधी छापलेली होती, मग थंडीत खोडली. ही बातमी द्यायला चुलतभाऊ गडगा ओलांडून स्वतः आला. तोंडावर असा आनंद, जसा नातू झाला. रस्त्याची दुरुस्ती करायची आहे, इमारती बांधायच्या आहेत, वेळेत होत नाही, म्हणून यंदा नाही, असं त्याचा मुलगा सांगत होता म्हणे.

"आता गेली ती गेली. जमाना बदल गया, दादा. जुन्या रोडला कोण विचारतो? तिकडं शेख लोक थैल्या घेऊन बसलेत."

"दुरुस्तीला काढलाय ना रस्ता?"

"हां."

"मग परत येईल. टाकून द्यायचा असता तर दुरुस्ती कशाला केली असती?"

हे माझं बोलणं मी आजही बरोबर समजतो. महाडला तो मोठा पूर आला त्या पावसात घाटात दरडी आल्या, तेव्हा लोक म्हणत होते रस्ता गेला. मी चुलतभावाला तेच विचारलं, "तुझी खेडची लेक गेल्या गणपतीला माहेरी कुठल्या रस्त्यानं आली? आकाशातनं आली काय?"

त्याला पटलं नाही. वर्षभर आमचं हेच चाललं. आणि त्या वर्षीच्या गणपतीत, विसर्जनाच्या वेळी, नदीवर सगळ्या वाडीदेखत मी ती पैज लावली.

पैज कशाची, ते समजायला आमची रीत सांगायला हवी. आमच्या वाडीत सगळे दीड दिवसाचे गणपती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिला पाट उठतो तो आमच्या घरातून. माझ्या पणजोबांनी वाडीत पहिला गणपती आणला, तेव्हापासूनचा हा मान. आमच्या गणपतीचा पाट डोक्यावर घेऊन मी उंबरठा ओलांडला की मग चुलतभावाचा, मग बाकीच्यांचे. आम्ही निघाल्याशिवाय वाडीत कुणी गणपती हलवत नाही. माझा बाप तापाने फणफणला होता तरी त्याने पाट दुसऱ्याला दिला नव्हता. चुलतभावाचा त्या मानावर आयुष्यभर डोळा. त्याचा बाप आणि माझा बाप सख्खे भाऊ, मग मान एकाच घरात का, असं तो दर वर्षी कुणाला ना कुणाला ऐकवायचाच.

नदीवर तो पुन्हा म्हणाला, "डायवर, तुझं बेल्जियम काय आलं नाय बघ."

मी कमरेइतक्या पाण्यात उभा होतो. तिथूनच ओरडलो, "पुढल्या वर्षी आलं नाय तर पहिला पाट तुझा. कायमचा."

झांज वाजवणारे थांबले. वाडीतला सगळ्यात जुना म्हातारा काठावर बसला होता, तो म्हणाला, "गणपतीसमोर बोललास रे बाबा."

"बोललो. पुन्हा बोलू?"

घरी आल्यावर आमच्या मंडळींनी मला जेवायला वाढलं ते ताट आपटून. "पणजेसासऱ्यांपासूनचा मान. तो काय तुमच्या ट्रकावरची ताडपत्री हाय, वाऱ्यावर सोडायला? आणि कशापायी? तिकडच्या कुणाच्या गाड्या फिरतील का नाय म्हणून?"

"फिरतील."

"आणि नाय फिरल्या तर? पोरगा काय म्हणेल उद्या? बापानं काय ठेवलं?"

मी मान खाली घालून जेवत राहिलो. भिऊन नाही. फिरतील हे मला माहीत होतं, मग बोलायचं कशाला?

थंडीत शर्यतींचं नवीन कॅलेंडर आलं. बेल्जियम त्यात होतं. चुलतभावाच्या मुलाने मला मुंबईहून फोन करून तारीख सांगितली, मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर चाक काढलं, आणि मग नीट बघितलं. त्याच चौकोनात खाली ऋषिपंचमी छापलेली होती, म्हणजे गणपतीचा दुसरा दिवस. ज्या संध्याकाळी पाट उठणार, त्याच संध्याकाळी शर्यत.

मी गडग्यावरून हाक मारली. "आलं बघ. पैज संपली."

तो तसाच दात कोरत उभा राहिला. "कागदावर गेल्या वर्षी पण होतं. मग खोडलं. मी कागद मानत नाय. टीव्हीवर गाडी फिरताना दिसली पाहिजे."

"दिसेल. साडेपाचला."

"आपण पाचला निघतो."

इथे खरी अडचण होती. वाडीतली मुंबईची पोरं दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायची, त्यांची बस नाक्यावरून साडेसातला. पाचला पाट उठले तरच नदी, आरती, घरी येऊन ओले कपडे बदलून बस गाठायची. साडेपाचपर्यंत थांबायचं म्हणजे सगळ्यांच्या जीवाला घोर, आणि बस चुकणाऱ्यांत त्याची दोन्ही पोरं पहिली. पण शब्द त्याचाच होता. गाडी दिसल्याशिवाय मान माझा नाही, आणि शर्यत झालीच नाही असं ठरल्याशिवाय त्याचा नाही. दोघांपैकी कुणीही मागे हटणार नव्हतं. शेवटी वाडीने ठरवलं, साडेपाचला गाड्या सुटून एक फेरी होईपर्यंत थांबू, त्याच्यापुढे एक मिनिट नाही.

तो दिवस आला. दुपारपासून माझ्या ओटीवर माणसं. बायका आत मखराजवळ, पुरुष टीव्हीसमोर, पोरांच्या बॅगा अंगणात रांगेत. चुलतभाऊ पाचला आला. अंगात नवी कोरी बंडी, डोक्यावर टोपी, आणि काखेत नवीन पाट. सागवानाचा, कडेला नक्षी काढलेली. सुताराकडून महिनाभर आधीच करून घेतलेला. तो पाट बघितला आणि ह्या माणसाने हे किती मनावर घेतलंय ते मला कळलं. मी आमचा पाट पुसत होतो. आमचा फणसाचा, मधे झिजून खड्डा पडलेला.

"चांगला हाय पाट," मी म्हणालो.

"पहिल्या नंबरला शोभेल असा करून घेतलाय."

टीव्हीवर जाहिराती चालल्या होत्या. साबण, मोटारसायकल, परत साबण. सव्वापाच झाले. कुणीतरी म्हणालं, चॅनेल बरोबर लावलाय ना? त्या गोळ्या ढकलणाऱ्यांची आठवण सगळ्यांना होती, मलाही होती. हात पुसायच्या निमित्ताने मी आत गेलो, गणपतीसमोर उभा राहिलो आणि बाहेर आलो. काही मागितलं नाही. एवढ्या लहान गोष्टीला देवाला मधे घालायचं नसतं.

मग झाडं दिसली. ती उंच काळी झाडं, तो उतार, तळाचं वळण. दुरुस्तीने कडेचं बरंच काही बदललं होतं, इमारती नव्या होत्या, पण चढ तोच. जागचा हलला नव्हता. गाड्या रांगेत येऊन उभ्या राहिल्या. पाऊस नव्हता, ऊन होतं.

"उभ्या हायत," चुलतभाऊ म्हणाला. "फिरताना दिसल्या पाहिजेत."

"थांब की. तुझी बस जात नाय."

"जाते!" त्याची पोरं एकदम ओरडली.

दिवे लागले, दिवे विझले, गाड्या सुटल्या. पहिल्या वळणाला थोडी धक्काबुक्की झाली, मग सगळ्या उताराला लागल्या, खाली गेल्या, डावीकडे, उजवीकडे, आणि चढावर. माझा उजवा पाय जमिनीवर आपोआप दाबला गेला. वरच्या टोकाला आभाळात घुसल्यासारख्या गेल्या आणि पलीकडे दिसेनाशा झाल्या. लाल गाडी सगळ्यांच्या पुढे होती.

सगळे चुलतभावाकडे बघत होते. त्याने एक फेरी पूर्ण बघितली. गाड्या परत त्या तळाला आल्या, परत चढावर गेल्या. मग त्याने टोपी काढून झटकली, परत घातली आणि म्हणाला,

"फिरल्या. उचल, दादा."

एवढंच. कुरकूर नाही, फाटे फोडणं नाही. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, रस्ता दुरुस्त केला म्हणजे तो जुना नाहीच. तो तसं म्हणाला नाही, हे मी त्याच्या बाजूने मुद्दाम लिहून ठेवतो.

आमच्या मंडळी दारातून म्हणाल्या, "अजून थोडं बघा. दोन वर्षांनी आलीय. मान तुमचा हाय, थांबतील."

थांबले असते. आमच्या पाटाशिवाय वाडी हलत नाही, आणि आता तर कुणाला तोंड उघडायची सोय उरली नव्हती. मी शर्यत संपेपर्यंत बसलो असतो तरी अंगणात सगळे उभेच राहिले असते. पण पोरांच्या बॅगा दिसत होत्या. आणि मला काय बघायचं होतं? शर्यत जागेवर परत आली की नाही, एवढंच. ते बघून झालं होतं.

मी उठलो आणि टीव्ही बंद केला.

"अरे, चालू तरी ठेव," म्हातारा म्हणाला. "बाया बघतील."

"बाया नदीवर येतायत."

आरती झाली. मी फणसाचा पाट डोक्यावर घेतला आणि उंबरठा ओलांडला. मागून झांजा सुरू झाल्या. माझ्या मागे चुलतभाऊ, सागवानाच्या पाटावर त्याचा गणपती. शेताच्या बांधावरून उतरताना मी वळून न बघता म्हणालो, "पाट खरंच चांगला हाय रे. दुसऱ्या नंबरला पण शोभतो."

"पुढं बघून चाल, डायवर. चिखल हाय."

नदीला पाणी बरंच होतं. आम्ही दोघं बरोबरच आत उतरलो. आधी माझा गणपती बुडाला, मग त्याचा. दोघांनीही वाकून नदीतली मूठभर वाळू घेतली, पाटावर ठेवली आणि तसेच ओले काठावर आलो. आमच्याकडे रिकामा पाट घरी आणत नाहीत.

पोरं धावत पुढे गेली आणि बस त्यांना मिळाली. थोड्या वेळाने बसमधून त्याच्या मोठ्या मुलाने फोन केला. आम्ही तेव्हा अंगणात प्रसादाचं खोबरं खात होतो. चुलतभावाने फोन कानाला लावला, ऐकलं, आणि अख्खी वाडी ऐकेल असा ओरडला, "लाल! लाल जिंकली!"

"जिंकू दे," मी म्हणालो. "गाडी तुझी, घाट माझा."

तो गडग्यावर बसला. नवा पाट मांडीवर, त्यावर ओली वाळू. मग म्हणाला, "दादा, आता फ्रान्सचं पण काय खरं नाय म्हणतात. ती पण जुनी. जाणार."

"येईल परत."

"लावतोस पैज?"

आतून आमच्या मंडळींचा आवाज आला, "भाऊजी, आधी त्या गडग्यावरनं उतरा आणि आपल्या घरी जा."

तो हसत पलीकडे उतरला. मी पाटावरची वाळू तुळशीच्या बुंध्याशी टाकली, पाट धुतला आणि भिंतीला उभा करून ठेवला.